‘ऑल्दो’ बाजूला ठेवा, ‘तरी’ आठवा

पुण्या-मुंबईत जपानी शिकणाऱ्यांच्या वह्या पाहिल्या, तर जपानी वाक्याखाली अर्थ बहुधा इंग्रजीत लिहिलेला दिसतो. टिपणं इंग्रजीत, यूट्यूबवरचे धडे इंग्रजीत, मोबाइलमधला शब्दकोशही इंग्रजी. एरवी यानं फारसं बिघडत नाही. पण ‘असं असूनही तसं’ म्हणायची वेळ आली, की हा वळसा महागात पडतो. ‘नोनि’ म्हणजे ऑल्दो, ‘केदो’ म्हणजे ऑल्दो, ‘मोनोनो’ म्हणजेही ऑल्दो. तीन भावंडांना एकाच नावानं हाक मारल्यावर नेमकं कोणी ‘ओ’ द्यायचं?

मराठीत यातल्या जवळपास प्रत्येकाला स्वतंत्र जोडीदार आहे, आणि तो नुसता अर्थाला नव्हे तर स्वभावालाही जुळतो. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या दोन भाषा असल्यामुळे जोडही बऱ्याचदा त्याच जागी पडते. म्हणून विरोध आणि सवलत हा भाग तरी थेट मराठीतून शिकावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. (लेखात जपानी वाक्यं देवनागरीत आहेत. ‘ऽ’ आलं की आधीचा ‘ओ’ लांबवायचा.)

श्वास कुठे घ्यायचा

सुरुवात ‘गा’ आणि ‘केदो’पासून. दोन्हींचा ढोबळ अर्थ ‘पण’. ‘ताकाइ देस् गा, ओइशी देस्’ म्हणजे महाग आहे, पण चविष्ट आहे. इथे मराठी माणूस अर्थात चुकत नाही, श्वासात चुकतो. आपण ‘महाग आहे’ म्हणून थांबतो आणि ‘पण’ पुढच्या वाक्याच्या तोंडाशी लावतो. जपानीत ‘गा’ मागच्या वाक्याला चिकटतो. ‘ताकाइ देस् गा’ एका दमात, मग विराम, मग ‘ओइशी देस्’. ‘ताकाइ देस्’वर थांबून ‘गा ओइशी देस्’ असं म्हटलं, की प्रत्येक शब्द बरोबर असूनही ऐकणारा अडखळतो. वाक्याच्या सुरुवातीलाच ‘पण’ हवा असेल, तर त्यासाठी ‘देमो’ आहे. लेखी आणि भाषणातल्या जपानीत ‘शिकाशि’.

‘गा’च्या दोन्ही बाजूंना अदब सारखी ठेवावी. अलीकडे ‘देस्’ तर पलीकडेही ‘देस्’. ‘केदो’ त्यामानाने सैल आहे. ‘ताकाइ केदो, ओइशी देस्’ बोलण्यात सहज खपतं. ‘केदो’, ‘केरेदो’, ‘केरेदोमो’ हे एकाच शब्दाचे उतरते-चढते अवतार; जितका लांब तितका औपचारिक. ओसाकाकडे गेलात तर ‘देमो’च्या जागी ‘सेयाकेदो’ कानावर पडेल. ऐकून ओळखता यावं, एवढं पुरे. बोलायची घाई नको.

विरोध नसलेला ‘पण’

जपानी माणसानं फोन उचलल्यावर तुम्ही म्हणता, ‘मोशि मोशि, पाटील देस् गा…’ म्हणजे ‘मी पाटील आहे, पण…’? पण काय? काहीच नाही. इथे ‘गा’ विरोध दाखवत नाही, पुढच्या बोलण्यासाठी जागा करून देतो. ‘सुमिमासेन गा’, ‘शित्सुरेइ देस् गा’ यांतही तेच. मुद्द्याआधी पायघडी घालण्याच्या या वापराला जपानीत ‘माएओकि’ म्हणतात. ‘मी काय म्हणत होतो…’ असं म्हणून आपण विषयाला हात घालतो, तोच हा प्रकार. प्रत्येक ‘गा’त विरोध शोधत बसलात, तर साधं संभाषणही भांडण वाटू लागेल.

याच्या उलट टोकाला अर्धवट सोडलेला ‘केदो’. ‘आशिता वा चोत्तो योतेइ गा आरु न् देस् केदो…’ म्हणजे ‘उद्या जरा काम आहे, पण…’, आणि वाक्य तिथेच संपतं. पुढचं ‘म्हणून येणार नाही’ ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. हिंजवडीत बसून जपानी ग्राहकाशी बोलणाऱ्या इंजिनिअरनी हे लक्षात ठेवावंच. पलीकडून ‘सोरे वा चोत्तो मुझुकाशी देस् केदो…’ असं आलं, तर ते ‘अवघड आहे, पण बघू या’ असं क्वचितच असतं. बहुतेक वेळा तो नकार असतो, आणि सभ्यपणे दिलेला असतो. त्यावर ‘आम्ही जास्त माणसं लावतो’ म्हणत पुढे रेटलं, तर समोरचा आणखी एक ‘केदो’ सोडतो आणि बैठक लांबते.

उलट, आपण विरोध कसा दाखवायचा? वरिष्ठाच्या प्रत्येक वाक्यावर ‘देमो’ म्हणणं टाळा. लागोपाठ ‘देमो’ ऐकले, की माणूस सबबी सांगतोय असं वाटतं. ‘दात्ते’ तर हट्टी मुलाच्या तोंडचं. आधी मान्यता, मग मुद्दा: ‘ओश्शारु तोऽरि देस् गा…’ किंवा ‘ताशिका नि… देस् गा…’. ‘आपलं म्हणणं बरोबरच आहे, पण…’ हे आपल्याकडे कोणी वेगळं शिकवत नाही, घरीच येतं. तेच इथे न्यायचं.

तरी, तरीही, तरी चालेल

आता खरी कमाई. मराठीतला ‘तरी’ आणि जपानीतला ‘तेमो’ यांची घडण इतकी सारखी आहे, की हा भाग शिकायला मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीची गरजच पडू नये. ‘आमे गा फुत्तेमो इकिमास्’: पाऊस आला तरी जाईन. क्रियापदाचं ‘ते’रूप, त्याला ‘मो’. ‘ताकाइ’चं ‘ताकाकुतेमो’ (महाग असलं तरी), आणि नामाला ‘देमो’.

प्रश्नार्थक शब्द आधी आला, की जोड अधिकच जुळते. ‘इकुरा मात्तेमो कोनाइ’: कितीही वाट पाहिली तरी येत नाही. ‘दोको ए इत्तेमो’: कुठेही गेलं तरी. ‘दारे गा नान् तो इत्तेमो’: कोणी काहीही म्हटलं तरी. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे ‘हाउएव्हर मच’, ‘व्हेअरएव्हर’, ‘नो मॅटर हू’ अशा तीन वेगवेगळ्या वाटा धराव्या लागतात. आपल्याला कितीही, कुठेही, कोणीही, आणि शेवटी ‘तरी’.

‘मिन्ना नो निहोन्गो’ हे पाठ्यपुस्तक बहुतेकांच्या हाताखालून गेलेलं असतं. त्यात पंधराव्या धड्यात ‘तेमो इइ’ येतं, सतराव्यात ‘नाकुतेमो इइ’, आणि खुद्द ‘तेमो’ थेट पंचविसाव्यात. त्यामुळे पहिली दोन रूपं परवानगीचे मंत्र म्हणून पाठ होतात आणि तिसऱ्याशी त्यांचं नातं कुणाच्या लक्षातच येत नाही. मराठीत मांडून पाहा. ‘शाशिन ओ तोत्तेमो इइ देस् का’: फोटो काढला तरी चालेल का? ‘कोनाकुतेमो इइ देस्’: नाही आलात तरी चालेल. परवानगी म्हणजे ‘असं झालं तरी हरकत नाही’ ही सवलतच. दोन्ही भाषांनी ती एकाच रीतीनं बांधली आहे. पंधरावा धडा शिकवतानाच शिक्षकांनी ‘तरी चालेल’ हे दोन शब्द फळ्यावर लिहिले, तर पंचविसाव्या धड्याचं अर्धं काम तिथेच उरकेल.

म्हणीही याच साच्यातल्या. ‘कुसात्तेमो ताइ’: सडला तरी ताइ तो ताइच. ताइ हा जपानमध्ये सणासमारंभाला मानाचा मासा; चांगल्या गोष्टीचा दर्जा पडत्या काळातही टिकतो, असा अर्थ. आपला सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो मात्र वाईट खोडीबद्दल. ‘कोरोन्देमो तादा दे वा ओकिनाइ’, म्हणजे पडला तरी रिकाम्या हातानं उठत नाही, हे धूर्त माणसाबद्दल. आपल्याकडे पडलो तरी नाक वर. अर्थ वेगळे, घडण एक. घडण पाठ करायला म्हणीसारखं साधन नाही.

‘नोनि’ची कसोटी ‘असून’

‘नोनि’ हा पुस्तकात पंचेचाळिसाव्या धड्यात येतो आणि तिथून पुढे वर्षानुवर्षं चुकत राहतो. नियम असा सांगितला जातो, की ‘नोनि’नंतर आज्ञा, विनंती, आमंत्रण, निश्चय येत नाही. नियम बरोबर आहे, पण पाठ करून राहत नाही. त्याऐवजी मराठीतलं ‘असून’ किंवा ‘-ऊनही’ लावून पाहा. ‘थंडी असून जाऊ या’ हे कानाला खटकतं की नाही? तसंच ‘सामुइ नोनि, इकिमाशोऽ’ जपानी कानाला खटकतं. ‘थंडी आहे, पण जाऊ या’ चालतं. ‘सामुइ केदो, इकिमाशोऽ’ही चालतं. ‘थंडी असली तरी जाऊ या’ चालतं, ‘सामुकुतेमो इकिमाशोऽ’ही. कान मराठीचा, निकाल जपानीचा.

विनंती ‘तेमो’नंतर बिनदिक्कत येते. ‘जिशिन गा ओकितेमो, आवातेनाइदे कुदासाइ’: भूकंप झाला तरी घाबरून धावपळ करू नका. इथे ‘नोनि’ बसूच शकत नाही, कारण भूकंप अजून झालेला नाही. ‘नोनि’ला घडलेली किंवा खरी असलेली गोष्टच लागते. ‘तेमो’ला घडलेली चालते, न घडलेलीही चालते. आपल्या ‘तरी’चंही तसंच.

एका वाक्यावर थांबू या. औषध घेतलं, ताप उतरला नाही. हे तीन प्रकारे सांगता येतं. ‘कुसुरि ओ नोमिमाशिता गा, नेत्सु गा सागारिमासेन’: औषध घेतलं, पण ताप उतरत नाही. ही नुसती हकिगत. ‘कुसुरि ओ नोन्देमो, नेत्सु गा सागारिमासेन’: औषध घेतलं तरी ताप उतरत नाही. उपाय करून पाहिला, लागू पडत नाही, असा भाव. ‘कुसुरि ओ नोन्दा नोनि, नेत्सु गा सागारिमासेन’: औषध घेऊनही ताप उतरत नाही, आणि त्यात न बोललेलं ‘म्हणजे काय!’ आहे. जपानमध्ये डॉक्टरांसमोर बसून तिसरं वाक्य वापरलंत, तर व्याकरण शुद्धच राहील, पण त्यांनीच दिलेल्या औषधाची तक्रार केल्यासारखं होईल. दवाखान्यात पहिली दोन बरी. तिसरं घरी येऊन बायकोला किंवा नवऱ्याला सांगायला.

‘नोनि’त दरवेळी तक्रारच असते असं नाही, अपेक्षाभंग मात्र असतो, आणि तो सुखदही असू शकतो. ‘कोदोमो ना नोनि योकु शित्ते इरु’: लहान असून बरंच ठाऊक आहे याला. इथे कौतुक आहे. ‘सेक्काकु किता नोनि…’ म्हणजे ‘एवढं आलो आणि…’. बंद दुकानासमोर उभं राहून म्हणायचं वाक्य. कोणी भेटवस्तू आणली, की ‘सोन्ना, इइ नोनि’, म्हणजे ‘अहो, कशाला आणलंत!’ घेणाऱ्याचा हात पुढे आलेलाच असतो, इथेही आणि तिथेही. ‘इत्ते कुरेरेबा योकात्ता नोनि’: सांगितलं असतंस तर बरं झालं असतं की. आणि मित्राला नुसतं ‘इत्ता नोनि’ म्हटलं, की ‘सांगितलं होतं ना मी!’

दोन खड्डे दाखवून पुढे जातो. नामानंतर ‘केदो’ आला तर मध्ये ‘दा’, ‘नोनि’ आला तर ‘ना’: ‘गाकुसेइ दा केदो’, पण ‘गाकुसेइ ना नोनि’. आणि ‘कामि ओ किरु नोनि त्सुकाइमास्’ या वाक्यातला ‘नोनि’ हा नव्हेच. तो ‘कागद कापण्यासाठी वापरतो’मधला ‘-साठी’ आहे.

‘नोनि’चा एक तिखट भाऊ आहे, ‘कुसे नि’. ‘शित्ते इरु कुसे नि, ओशिएते कुरेनाइ’: माहीत असून सांगत नाही, आणि वर दात ओठ खाल्लेले. दोन्ही भागांत माणूस एकच लागतो. चित्रपटांत आणि घरगुती भांडणांत हा भरपूर ऐकू येईल. ओळखायला शिका, कचेरीत वापरू नका.

न बोललेला विरोध

‘वा’ या एका प्रत्ययात जपानी भाषा पुष्कळ विरोध लपवते. ‘निकु वा ताबेमास् गा, साकाना वा ताबेमासेन’: मांस खातो, मासे मात्र नाही. दोन्हीकडे ‘ओ’ जाऊन ‘वा’ येतो. ‘नि’, ‘दे’ असतील तर ते राहतात आणि त्यांच्यापुढे ‘वा’ लागतो: ‘क्योऽतो नि वा इकिमासेन देशिता’, क्योटोला मात्र गेलो नाही. दुसरा भाग न बोलताही विरोध जाणवतो, आणि धोका तिथेच आहे. ‘उता वा जोऽझु देस् ने’ हे कौतुक नव्हे. ‘गाणं तर छान आहे हो तुमचं’, बाकीचं तुम्ही समजा. ‘क्योऽ वा किरेइ देस् ने’ असं एखादीला म्हणालात, तर ‘आज तर सुंदर दिसतेयस’, म्हणजे काल-परवा काय, हा प्रश्न तयारच असतो. कौतुक करताना ‘वा’वर जोर देऊ नका, शक्य असेल तिथे तो गाळाच.

वरच्या पायऱ्या

एन-थ्री, एन-टूच्या तयारीत याद्यांचा भडिमार होतो. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा 1984मध्ये सुरू झाली आणि 2010पासून ती एन-वन ते एन-फाइव्ह अशा पाच पातळ्यांत होते. त्यानंतर परीक्षेच्या व्याकरणाची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. बाजारातल्या याद्या प्रकाशकांच्या अंदाजावर असतात. म्हणून त्या पाठ करण्यापेक्षा जोडीदार शोधावेत.

‘मोनोनो’ म्हणजे ‘खरं, पण’. ‘युकाता ओ कात्ता मोनोनो, इचिदो मो किते इनाइ’: युकाता घेतला खरा, पण एकदाही घातलेला नाही. ‘तो इत्तेमो’ तर शब्दशः ‘म्हटलं तरी’. ‘निहोन्गो गा देकिरु तो इत्तेमो, आइसात्सु गुराइ देस्’: जपानी येतं म्हटलं तरी नमस्कार-चमत्कारापुरतंच. मुलाखतीत नम्रपणे बोलायला हे फार उपयोगी. ‘कारा तो इत्ते’ म्हणजे ‘म्हणून काही’. ‘निहोन नि सुन्दे इरु कारा तो इत्ते, निहोन्गो गा हानासेरु तो वा कागिरानाइ’: जपानात राहतो म्हणून काही जपानी बोलता येतंच असं नाही.

‘वारि नि’ म्हणजे ‘मानाने’, इतकं नेमकं की चर्चाच नको: ‘तोशि नो वारि नि वाकाइ’, वयाच्या मानाने तरुण. याच्या शेजारी ‘नि शिते वा’ आला, की मुलं गोंधळतात. ‘नि शिते वा’ला ठरलेली, नेमकी गोष्ट हवी. ‘नेदान नो वारि नि ओइशी’ (किमतीच्या मानाने चविष्ट) बरोबर, पण ‘नेदान नि शिते वा’ चुकीचं. ‘सेन एन नि शिते वा ओइशी’, म्हणजे हजार येनच्या मानाने, हे बरोबर.

‘नि ताइशिते’ दोन वेगळ्या गोष्टी समोरासमोर ठेवतो, ‘हान्मेन’ एकाच गोष्टीच्या दोन बाजू दाखवतो, आणि ‘इप्पोऽ दे’ दोन्हीकडे चालतो. परीक्षेत एवढं पुरतं.

‘नि मो काकावाराझु’ म्हणजेही ‘असूनही’, पण तो बातम्यांचा आणि भाषणांचा. घरात वापरलात तर लोक हसतील. समारंभात त्याहून सुरेख एक प्रकार ऐकू येतो. पावसाच्या दिवशी पाहुण्यांचे आभार मानताना ‘ओआशिमोतो नो वारुइ नाका’ म्हणतात, म्हणजे आपल्या पायांखालची वाट खराब असतानाही आपण आलात. ‘पण’ नाही, ‘तरी’ नाही, सगळी सवलत ‘असताना’वर पेललेली.

आता ‘सोरेदेमो’ आणि ‘सोरे ना नोनि’. दोन्हींचा अर्थ ‘तरीही’ असा दिलेला असतो. सुओ मासायुकी यांच्या 2007च्या चित्रपटाचं नाव ‘सोरेदेमो बोकु वा यात्तेनाइ’ असं आहे, म्हणजे ‘तरीही, मी हे केलेलं नाही’. गर्दीच्या आगगाडीत विनयभंग केल्याचा खोटा आळ आलेला तरुण आपलं म्हणणं सोडत नाही. सगळं विरुद्ध जात असताना टिकून राहणारा तो ‘सोरेदेमो’. तिथे ‘सोरे ना नोनि’ घातला तर ठामपणा जाऊन कुरकुर येईल. ‘सोरे ना नोनि’ म्हणजे ‘एवढं करूनही बघा!’

‘तोकोरोगा’ म्हणजे ‘पण झालं भलतंच’. पुढे घडलेली अनपेक्षित गोष्ट यावी लागते, विनंती किंवा सल्ला नाही. त्याच्यासारखाच दिसणारा ‘तोकोरोदे’ मात्र ‘बरं, ते असू दे’ म्हणत विषय बदलतो. ऐकण्याच्या चाचणीत एका अक्षरानं संभाषणाची दिशा फिरते, तेव्हा शेवटचं ‘गा’ की ‘दे’ तिकडे कान लावून बसा.

सरावासाठी रोजच्या बोलण्यातलं वाक्य घ्या. ‘हाक मारली तरी तो आला नाही.’ आधी मराठीतच तीनदा फिरवा: हाक मारली, पण आला नाही, हाक मारली तरी आला नाही, हाक मारूनही आला नाही. मग जपानीत: ‘योन्दा केदो कोनाकात्ता’, ‘योन्देमो कोनाकात्ता’, ‘योन्दा नोनि कोनाकात्ता’. ओळखीचं जपानी कोणी असेल तर ‘बरोबर आहे का?’ असं विचारू नका. तिन्ही बरोबरच आहेत, तसंच उत्तर मिळेल. ‘यातलं कुठलं ऐकून मी चिडलोय असं वाटतं?’ असं विचारा.